सहाणेवरचा हिरडा

उन्हाळ्यात जुन्नरहून आपटाळ्याच्या पुढे पश्चिमेला निघालं, की घरांपुढच्या सारवलेल्या अंगणांत काळपट, सुरकुतलेलं काहीतरी वाळत पडलेलं दिसतं. लांबून मनुके वाटतात. हातात घेतलं तर खड्यासारखे टणक, आणि जिभेला लावलं तर तोंड आवळून टाकणारे तुरट. हा बाळहिरडा. झाडावरून उतरवताना तो हिरवा असतो, आत आठळी धरलेली नसते. चांगलं ऊन मिळालं की काळा ठिक्कर पडतो. घाटघर, अंजनावळे, आंबे, हातवीज आणि डोंगरापलीकडे आंबेगाव तालुक्यात आहुपे, पिंपरगणे, तिरपाड, कोंढवळ या गावांतल्या महादेव कोळी कुटुंबांना भाताच्या हंगामाबाहेर हाती रोकड देणारं हे झाड. पावसाळ्याआधीचा किराणा, बियाणं, पोरांच्या वह्या, सगळं या काळ्या खड्यांच्या हिशेबावर.

या खड्याचा प्रवास संपतो तो मात्र कुठल्या तरी घरातल्या सहाणेवर. महिना-दीड महिन्याच्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आजी, शेजारी पाण्याचा गडू आणि तबकात ओळीनं मांडलेली गुटीची औषधं: हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, अतिविष, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम. मराठी घरांत बाळाच्या पोटाची काळजी पिढ्यान्‌पिढ्या अशी घेतली गेली. पोटाची काळजी म्हणजे अर्थात सगळ्याची. बाळ रडलं तर पोट, झोपलं नाही तर पोट, वजन धरत नसेल तर पोटच.

जुन्नर हे झाडांच्या नोंदी ठेवणारं जुनं गाव आहे. इथल्या लेण्यांतल्या एका लेखात अदुथुम नावाच्या शक उपासकानं वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी आणि कटपुतकातली नऊ निवर्तनं वडाची झाडं लावण्यासाठी दिल्याचं कोरलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. करंज दिव्याच्या तेलाचा, वड सावलीचा. हिरड्याचं दान त्या लेखांत नाही. जंगलात जे आपोआप उगवतं ते कोण कशाला दान करील?

त्या जंगलाकडे सरकारी नजर वळली ती एकोणिसाव्या शतकात. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर दख्खनमध्ये देवीच्या लसीकरणाचं काम पाहत हिंडत होता. १८३८ मध्ये त्याच्याकडे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा कारभार आला. त्या उद्यानाची एक शाखा जुन्नर तालुक्यातल्या हिवरे इथे होती आणि तिथं पिकवलेल्या औषधी वनस्पती मुंबईच्या सरकारी औषध भांडारासाठी जात. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत त्या पदावर राहिला. सह्याद्रीचे उतार उघडे पडले तर पाण्याचं काय होईल, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. ज्या खोऱ्यांत आज उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथं उभं राहून ते वाचण्यासारखं आहे.

गंमत अशी, की इंग्रजी व्यापाराला हिरडा हवा होता तो पोटासाठी नव्हे. हिरड्याच्या सालीत टॅनिन भरपूर. विलायतेतल्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना ते हवं होतं, म्हणून हिरडा पोत्यांनी बोटीवर चढू लागला. बाजारात त्याच्या जाती गावांच्या आणि बंदरांच्या नावांनी ओळखल्या जात: भिमली, जबलपूर, राजपूर, आणि आपल्या वेंगुर्ल्याच्या नावाची एक. कातडं आवळून टिकाऊ करणारा गुण आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा हे एकाच द्रव्याचे. आजीच्या सहाणेवरचा खडा आणि विलायतेतल्या चामड्याच्या हौदातला खडा एकाच झाडाचे असत, एवढंच काय ते नातं. पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याचं काम झपाट्यानं होऊ लागलं आणि हिरड्याची ती मागणी ओसरली. राहिली ती औषधवाल्यांची.

औषधवाल्यांचा माल ठरलेल्या वाटेनं जातो. डोंगरातून व्यापाऱ्याकडे, तिथून मोठ्या बाजारात, तिथून पुण्याच्या पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानात. तिथं तो जायफळ-बदामाच्या पंगतीला बसतो, पुडीत बांधला जातो आणि ‘बाळगुटी’ म्हणून त्याच तालुक्यात परत विकायला येतो. झाडाखाली मिळणारा भाव आणि पुडीतला भाव यांची तुलना पश्चिम पट्ट्यात कुणीही तोंडपाठ करून दाखवील.

आता सहाणेकडे. गुटी उगाळण्यात एक शास्त्र होतं आणि ते हाताच्या मापाचं होतं. औषध किती, हे वजनावर ठरत नसे, वळशांवर ठरे. आधी सहाणेवर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी थेंबभर. मग हिरड्याचे दोन वळसे, वेखंडाचा एक, अतिविषाचा अर्धा, बदामाचे चार. बाळ वाढेल तसे वळसे वाढायचे. शी पातळ झाली की हिरडा बंद आणि जायफळ-मुरुडशेंग जास्त. कडक झाली की हिरडा वाढवायचा. ते पातळ गंध चमच्यानं किंवा बोंडल्यानं बाळाच्या तोंडात. नंतर प्रत्येक काडी पुसून सुकवून ठेवायची, नाहीतर बुरशी धरते. मुरुडशेंग तर पाहण्यासारखी: दोरखंडासारखी पिळलेली शेंग, पोटात पीळ पडावा तशी. मुरडा झाला की मुरुडशेंग. रूपावरून गुण ठरवण्याची ही पद्धत जगभर सापडते. ती बरोबर असतेच असं नाही, पण लक्षात मात्र पक्की राहते.

या मापाच्या हाताला ग्रंथाचाही आधार आहे. काश्यपसंहिता हा आयुर्वेदातला बालरोगांचा ग्रंथ नेपाळमध्ये सापडलेल्या अपुऱ्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये छापला गेला. त्यात लेहाध्याय नावाचा अध्याय आहे. बाळाला चाटण कुणाला द्यावं आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, कुणाला देऊ नये, याची चर्चा तिथं आहे. सरसकट प्रत्येक बाळाला रोज गुटी, हा नियम ग्रंथानं घातलेला नाही; तो नंतर घरांनी घातला. हरीतकीला आईच्या जागी बसवणारं संस्कृत सुभाषित मात्र सगळ्यांनी उचललं.

घरांनी घातलेल्या नियमाला धक्के बसायला आजीच्या हयातीतच सुरुवात झाली. पहिला धक्का गोड होता. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ मध्ये बनवलेलं ग्राइपवॉटर हिंदुस्थानात आलं आणि तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचलं. शेपूचं तेल, सोडा, साखर आणि मूळ कृतीत चक्क मद्यार्क. बाळ शांत का झोपतं, याचं उत्तर त्यातच होतं. दुसरा धक्का दवाखान्यातून आला: पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ पासून हाच सहा महिन्यांचा आकडा धरला आहे. सहाण स्वच्छ असेलच असं नाही, उगाळलेलं पाणी उकळलेलं असेलच असं नाही, आणि पुडीत नेमकं काय आहे हे पुडी बांधणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. भारतातून गेलेल्या कुटुंबांच्या घरी मिळणाऱ्या घसार्ड, बाळगोळी अशा बाळऔषधांत शिसं सापडल्याचं अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं नोंदवलं आहे. इथं एक बारीक पण भीतिदायक गोष्ट आहे. मुरुडशेंग ही निरुपद्रवी रानशेंग, आणि मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म. दुकानात घाईघाईनं घेतलेल्या नावात फरक दोन अक्षरांचा.

मग गुटीत उरलं काय? या लेखाच्या मते, हिरड्यापेक्षा वळसा. रोज थोडं द्यायचं, मोजून द्यायचं, शी पाहायची, वजन पाहायचं, आणि उद्याचं माप आजच्या शीवरून ठरवायचं. पोराच्या आतड्यावर उपचार त्याच्या खाण्यातूनच करायचा ही कल्पना जुनी आहे. ती एका अगदी वेगळ्या वाटेनं, वेगळ्या आजारासाठी, आधुनिक रुग्णालयात परत आली.

आजार असा. आतड्याच्या भिंतीला सूज येते, व्रण पडतात, आणि ती सूज औषधानं बसली तरी पुन्हा उठते. मोठ्या आतड्यापुरती राहिली तर अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, मधलं मधलं सोडून आली तर क्रोन. मुलात ती आली की पोटदुखी आणि जुलाब तर होतातच, शिवाय मूल वाढायचं थांबतं. वर्गात पुढच्या बाकावर बसणारं पोर दोन वर्षांनीही पुढच्याच बाकावर. गावात याला नाव नव्हतं असं नाही. ‘संग्रहणी’ म्हणायचे, ‘आव पडते’ म्हणायचे, ‘पोराला खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणायचे. पण त्या शब्दांत जंत, अमांश, क्षय, कुपोषण असं सगळंच मावत होतं.

संग्रहणीवरचा जुना उपचार मात्र ऐकण्यासारखा आहे. वैद्य ताकाचा कल्प करत. रोग्यानं अन्न सोडायचं आणि ताकावरच राहायचं. ताकाचं प्रमाण रोज वाढवत न्यायचं, मग त्याच पायऱ्यांनी उतरवायचं, आणि शेवटी मऊ भातापासून जेवण परत सुरू करायचं. चरकानं ग्रहणीत ताकाची थोरवी सांगितली आहे. सोबत पर्पटी नावाचं पारा-गंधकाचं औषध देत, आणि ते आज कुणी लेकराला देऊ नये. पण ‘सगळं अन्न बंद, एकच पातळ पदार्थ, ठरलेले दिवस’ हा सांगाडा बाजूला काढून ठेवण्यासारखा आहे.

क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये लहान आतड्याच्या टोकाच्या या सुजेचं वर्णन छापलं. पुढची चाळीस वर्षं उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि नंतर स्टेरॉइड. खाण्याचा प्रश्न आला तो आकाशातून. अंतराळवीरांना शौचाला कमीत कमी जावं लागावं, म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत असा आहार बनवला गेला की जो सगळा विरघळलेला असेल: अमिनो आम्लं, साखर, थोडी चरबी, क्षार, जीवनसत्त्वं. चव भयंकर. १९७३ मध्ये माँट्रिअलच्या शल्यचिकित्सकांनी आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी रोगी धडधाकट व्हावेत म्हणून त्यांना हा आहार दिला. त्यातल्या काहींची सूज आपोआप बसली आणि शस्त्रक्रियाच टळली. १९८४ मध्ये ओमोरेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २१ रोग्यांवर हा आहार आणि प्रेडनिसोलोन समोरासमोर ठेवून पाहिलं. आहार मागे पडला नाही. १९८७ मध्ये लंडनमध्ये सँडरसन आणि मंडळींनी १७ मुलांवर तेच केलं. आहारावरची मुलं बरी तर झालीच, पण स्टेरॉइडवरच्या मुलांपेक्षा उंचीनं जास्त वाढली. बालरोगतज्ज्ञांना हवं होतं ते हेच.

नंतर कळलं की अमिनो आम्लांपर्यंत तोडलेलं अन्न लागतंच असं नाही. दुधातल्या अख्ख्या प्रथिनांपासून बनवलेली, पाण्यात कालवायची साधी पावडरही तितकंच काम करते, आणि ती पोरं पिऊ शकतात. २०१४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मुलांतला क्रोन शांत करायला पहिला उपचार म्हणून हाच नेमला: सहा ते आठ आठवडे फक्त हे पेय, बाकी काही नाही. साधारण दहातल्या आठ मुलांची सूज त्यानं बसते. का बसते, याची पूर्ण उकल झालेली नाही; आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, एवढं दिसतं. कोलायटिसला मात्र हा उपचार लागू पडत नाही. म्हणून आधी निदान, मग आहार.

आणि निदानाचीच इथं खरी अडचण. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन एकमेकांसारखे दिसतात: ताप, वजन घटणं, उजव्या कुशीत गोळा, दुर्बिणीतून तेच व्रण. क्षय देशात जास्त, म्हणून कित्येक रोग्यांना आधी क्षयाची औषधं दिली जातात आणि त्यांनी उतार पडला नाही की मग क्रोनचा विचार होतो. मुलाच्या वाढीचे त्यात गेलेले महिने परत येत नाहीत. नारायणगावाहून पुणं सुमारे ७५ किलोमीटर; आहुप्याच्या पोराला तर आधी घोडेगाव, मग मंचर, मग नाशिक रस्त्यानं शहर. बालपोटविकारतज्ज्ञ सापडतो तो या रस्त्याच्या शेवटी.

सहा आठवडे नुसतं पेय म्हणजे काय, हे कागदावर सोपं दिसतं. पावडरीचा डबा, सोबतचा पांढरा मोजचमचा, दिवसातून सात-आठ पेले. महिन्याचा खर्च शेतमजुराच्या कमाईच्या वर जाऊ शकतो. त्यात यात्रा येते, लग्नसराई येते, घरात मटण शिजतं, शाळेत खिचडीचा वास सुटतो, आणि पोरानं पेला तोंडाला लावायचा. कधी कधी नाकातून नळी घालावी लागते. घरातली मोठी माणसं खचतात ती इथं. ‘पोराला अन्नाचा कण नाही’ हे वाक्य ज्या आजीच्या तोंडून निघतं, तिला दोष देता येत नाही. तिच्या उमेदीच्या काळात अन्नाचा कण नसणं म्हणजे दुष्काळ होता.

२०१९ मध्ये अरी लेव्हिन यांच्या गटानं थोडी मोकळी वाट दाखवली. अर्धं पोषण पेयातून आणि अर्धं मोजक्या घरगुती अन्नातून. त्या यादीत रोजचे ठरलेले पदार्थ आहेत कोंबडीचं मांस, अंडी, केळी, सफरचंद आणि उकडून गार केलेला बटाटा, भातही चालतो. सुरुवातीला गहू नाही, दूध नाही, कारखान्यातून पुडक्यात आलेलं काहीही नाही. बारा आठवड्यांच्या त्या चाचणीत हा आहार जवळजवळ सगळ्या मुलांनी निभावला. नुसत्या पेयावरच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांशांना ते जमलं नाही.

ही यादी वाचताना आंबेगावकराला हसू यावं. सातगाव पठार हे बटाट्याचं आगर. पावसाळ्यात तिथला बटाटा निघाला की मंचरचा बाजार भरतो. केळं आणि अंडं तर पश्चिम पट्ट्यातल्या अंगणवाडीत सरकारच पोचवतं: २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आधी गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण आलं, मग मुलांसाठी अंडी किंवा केळी. तिथला हेतू कुपोषण. क्रोनशी त्याचा काही संबंध नाही, आणि हा योगायोग कुणी उपचार समजू नये. नाचणी आणि वरईनं वाढलेल्या या मुलखात पोषक अन्न नाही, असं मात्र म्हणता येणार नाही.

हिरड्याचं काय? सूज आलेल्या आतड्याला हिरड्यासारखं रेचक म्हणजे जखमेवर मिठाची चिमूट. म्हणूनच डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न साधा असतो: घरी काय काय देता? त्याला उत्तर मिळायला वेळ लागतो. आधी ‘काही नाही’. मग ‘थोडं ते आपलं नेहमीचं’. मग कधीतरी पिशवीतून पुडी निघते, टेबलावर उलगडली जाते आणि काळा खडा, पिळलेली शेंग, पिवळं हळकुंड असं एकेक मोजलं जातं. विचारणाऱ्यानं त्या क्षणी नाक मुरडलं, तर पुढच्या भेटीला पुडी घरीच राहते, आणि तीच गोष्ट सर्वांत धोक्याची.

डोंगरावर दरम्यान झाडांचं दुखणं वेगळंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ सह्याद्री चढून आलं आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला हिरड्याची शेकडो वर्षांची झाडं फांद्यांसह मोडून पडली. बरीचशी झाडं मालकीच्या जमिनीतली. पण पीक म्हणजे भात, पीक म्हणजे ऊस, पीक म्हणजे टोमॅटो. झाडावरून उतरवलेला हिरडा नुकसानीच्या पंचनाम्यात नेमक्या कोणत्या रकान्यात लिहायचा, हाच वाद झाला. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं, तेही एकदा नव्हे. उरलेल्या झाडांवर उन्हाळ्यात बायका-पुरुष अजून चढतात, बांबूनं फांद्या झोडतात आणि खाली पडलेला हिरवा खडा पाटीत वेचून अंगणात पसरतात.